पुण्यात बाहेरच्या प्लास्टरला वर्षभरातच तडे का जातात?

आधी तडे कुठे आहेत ते बघा. कॉलम-बीम आणि विटांच्या जोडावर सरळ रेष असेल तर तिथे चिकन मेश (बारीक तारेची जाळी) मारलेली नसणार. काँक्रीट आणि वीट उन्हात सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान 100 मिमी जाळी हवीच.

भिंतभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील तर दोष बहुधा मालाचा (सिमेंट-वाळूच्या मिश्रणाचा) आणि पाण्याचा. सिमेंट जास्त घातलं की भिंत मजबूत, हा गैरसमज. जास्त सिमेंट म्हणजे जास्त आकसणं. 1:4, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, पुरे. क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) भुकटी जास्त असेल तर माल पाणी जास्त मागतो आणि वाळताना फाटतो. वर कोरडं सिमेंट भुरभुरून घोटणारे मिस्त्री असतातच, त्यांना तिथेच थांबवा.

प्लास्टर दोन थरांत करा: पहिला 12-15 मिमी, तो खरवडून ठेवायचा, मग सँडफेस, म्हणजे वरचा खरखरीत थर. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पश्चिमेची भिंत दुपारी घेऊच नका. विटा आधी भिजवा, नंतर निदान 7 दिवस पाणी मारा.

तडा रुंदावत असेल किंवा तिरका विटांतून गेला असेल, तर प्लास्टर सोडा, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.