मेकअप रूममध्ये तिकीट कोण विकतं?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘सिनेमा हिरोच्या नावावर चालतो, म्हणून त्याला हिरॉइनपेक्षा जास्त पैसे मिळतात. हा सरळ धंद्याचा हिशेब झाला, यात बाईमाणूस-पुरुषमाणूस भेदभाव कुठे आला?’

मी बरीच वर्षं हिंदी आणि मराठी सेटवर हेअर आणि मेकअप करते. पडद्यावरच्या लोकांचे आकडे मला तुमच्याइतकेच, बातम्यांतूनच कळतात. ज्याच्या नावावर पहिल्या दिवशी थिएटर भरतं त्याला जास्त मिळणार, हे मला मान्य आहे. पण जास्त म्हणजे किती? प्रियांका चोप्राने 2022 मध्ये बीबीसीला सांगितलं होतं की हिंदी सिनेमात तिला सोबतच्या नायकाच्या दहा टक्क्यांच्या आसपास मानधन मिळायचं. राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेली नायिका आहे ती, कोणी नवखी नव्हे. हॉलीवूडमध्ये 2017 च्या शेवटी एका तयार चित्रपटाचे काही प्रसंग पुन्हा शूट केले, तेव्हा मार्क वॉलबर्गला त्याचे 15 लाख डॉलर मिळाले आणि मिशेल विल्यम्सला हजार डॉलरसुद्धा नाहीत. चित्रपट एकच आणि दोघांचं काम बघणारी एजन्सीही एकच. बातमी फुटल्यावर वॉलबर्गने ती रक्कम दान केली, पण फुटली नसती तर?

हे झालं स्टार लोकांचं. माझं म्हणणं वेगळं आहे. तुमचा ‘नावावर तिकीट विकतं’ हा हिशेब घेऊन एकदा मेकअप रूममध्ये या. तिथे कोणाच्याच नावावर तिकीट विकत नाही. प्रेक्षक घरी जातो तेव्हा सासूचं कुंकू कोणी रेखलं हे त्याला ठाऊकही नसतं. मग तिथे फरक का असावा?

2008 साली गोरेगावला फिल्मसिटीत एका मालिकेवर मी हेअरला होते. दादरला सहा महिन्यांचा मेकअपचा कोर्स केला होता, पण मेकअप-हेअरवाल्यांच्या संघटनेचं माझं कार्ड हेअरड्रेसरचं, त्यामुळे स्पंज हातात घ्यायची सोय नव्हती. त्यात आमच्या मेकअपदादांच्या आईला अ‍ॅडमिट करावं लागलं आणि ते गावी गेले. दोन आठवडे मालिकेतल्या सासूबाईंचा मेकअप मी केला, दाराला आतून कडी घालून. मे महिना होता. लाइट्सखाली त्यांच्या कपाळावर दहा मिनिटांत बेस फाटायचा. ओठांच्या वर घामाचे थेंब यायचे, ते टिश्यूने नुसते टिपायचे, पुसायचे नाहीत, नाहीतर खालचा थर निघून येतो. मग पुन्हा पावडर आणि कंटिन्युइटीचा, म्हणजे आधीच्या शॉटशी जुळवायला काढलेला, फोटो बघून कुंकू त्याच जागी. हे सगळं सांभाळून तीन बायकांचे आंबाडे होतेच.

महिन्याचं व्हाउचर आलं तेव्हा त्यावर फक्त ‘हेअर’ लिहिलं होतं. दादांना शिफ्टचे 1500 होते, मला दोन्ही कामांचे मिळून 800. मी विचारलं तर प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, “ताई, तुमचं कार्ड हेअरचं आहे. मेकअपचे पैसे मी कुठल्या नावाने दाखवू?” त्यांनी माझी थट्टा केली नाही. त्यांना खरंच तो रकाना सापडत नव्हता. मला ते आजही टोचतं.

कारण तो रकानाच बायकांसाठी बंद होता. मुंबईच्या सिनेक्षेत्रात जवळजवळ सहा दशकं बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्ड मिळत नव्हतं. पुरुषाने मेकअप करायचा, बाईने केस करायचे, अशी वाटणी. चारू खुराना हिने अमेरिकेत रीतसर शिक्षण घेतलं होतं, तरी तिलाही कार्ड नाकारलं. ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 10 नोव्हेंबर 2014 ला न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने हा नियम घटनाबाह्य ठरवून रद्द केला. संघटनेची बाजू काय होती? बायकांना मेकअप करू दिला तर पुरुष सभासदांना काम मिळणं अशक्य होईल! म्हणजे तुम्ही म्हणता तो बाजार खुला होता का? बायका स्पर्धेत उतरल्या तर टिकतील, अशी भीती होती म्हणूनच फाटक लावलं होतं.

आता यातली मेख बघा. समान कामाला समान वेतन हा कायदा आपल्याकडे 1976 पासून होता. तो ‘तेच किंवा त्याच स्वरूपाचं काम’ असेल तिथे लागू व्हायचा. पण बाईला त्या कामाचं नावच द्यायचं नाही असं ठरवलं, तर कायद्याला हात घालायला जागाच उरत नाही. हेअरचा रेट वेगळा, मेकअपचा वेगळा, भेदभाव कुठेच नाही. कागद अगदी स्वच्छ.

आणि नाव असलं म्हणून तरी बाईच्या हातात काय असतं? शांता आपटे ‘कुंकू’ (1937) चित्रपटाच्या नायिका, त्यांच्या गाण्यांसाठी लोक थिएटरात जायचे. तिकीट त्यांच्याच नावावर विकत होतं ना? तेव्हा कलाकार स्टुडिओचे पगारी नोकर असत. करार आणि पगारावरून वाद झाला आणि 1939 मध्ये त्या पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी चक्क उपोषणाला बसल्या. आज तिथे एफटीआयआय, म्हणजे सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. मी कधी त्या फाटकावरून गेले की मला कौतुकापेक्षा रागच जास्त येतो. एवढ्या मोठ्या नटीला आपल्या पगारासाठी उपाशी बसावं लागतं, तर व्हाउचरवरच्या ‘हेअर’ने कुठे बसायचं?

केरळमध्ये मल्याळम सिनेमात काम करणाऱ्या बायकांच्या स्थितीवरचा न्या. हेमा समितीचा अहवाल 2019 अखेर सरकारकडे गेला आणि लोकांसमोर आला ऑगस्ट 2024 मध्ये. त्यात मानधनातला फरक आहे, लेखी करार नसणं आहे, आणि सेटवर बाथरूम नाही म्हणून बायका पाणी पीत नाहीत हेही आहे. मी ते वाचून मान हलवली. आउटडोअरला मी सकाळी सातपासून घोटभर पाण्यावर किती दिवस काढलेत ते माझं मला माहीत.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालानंतर मला मेकअपचं कार्ड मिळालं. रेट मात्र आपोआप आला नाही. मला कोणी सांगतच नव्हतं की दुसऱ्याला किती मिळतात. सगळे म्हणतात, ‘ज्याचं त्याचं अंडरस्टँडिंग असतं.’ शेवटी त्याच दादांना मी चहा पिताना सरळ विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग मोबाइल काढून त्यांनी स्वतःचं बिलच मला दाखवलं. पुढच्या कामाला मी तोच आकडा सांगितला. मॅनेजर म्हणाला, “एवढे तर आम्ही दादांना देतो.” मी म्हटलं, “हो, म्हणूनच सांगतेय.” मला तो रेट मिळाला.

आता माझ्या हाताखाली दोन मुली आहेत. पहिल्या दिवशी मी त्यांना माझं बिल दाखवते.