गोल्फ कोर्सवर मेकॅनिक म्हणून कॅनडाला यावं का? एका नाशिककराचं लांबलेलं उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय ३२, सातपूरच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक, पिंपळगावला ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये ९ वर्षं, आणि दोन वर्षांपासून त्र्यंबक रोडच्या एका रिसॉर्टच्या गवत कापायच्या मशिनी तूच बघतोस. आता कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांतातल्या एका गोल्फ कोर्सशी बोलणं चाललंय. बायको आणि ९ वर्षांची मुलगी बरोबर येणार. नव्या मशिनरीतलं काय शिकून यावं, तिथे निभेल का, आणि शेवटी, "काका, एकटं वाटतं का?" काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतोय.

व्हिसा, पॉइंट, पगाराची अट यातलं मी काही सांगणार नाही. ते सरकारी साइटवर आहे, सारखं बदलतं, आणि मी कॅनडात आलो तेव्हाचे नियम आज कुणाच्या कामाचे नाहीत. एजंटाच्या तोंडून मात्र ऐकू नकोस. स्वतः वाच.

आपल्याला नाशिकमध्ये गोल्फ म्हटलं की गोल्फ क्लब मैदान आठवतं. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं. तिथे मी टेनिस बॉल क्रिकेट खेळलो, पोलीस भरतीसाठी धावलो, फुकटात रणजीचा सामना पाहिला. गोल्फ खेळणारा माणूस मात्र एकदाही दिसला नाही. गोल्फचा चेंडू पहिल्यांदा हातात आला तो दुबईत, २००८ साली, वयाच्या ३४व्या वर्षी, आणि तोही गवत कापायच्या मशिनीच्या रीलमध्ये, म्हणजे फिरत्या पात्यांत, अडकलेला. तेव्हा तुला या धंद्यातलं काही येत नाही याची काळजी करू नकोस. माझ्यापेक्षा तू पुढेच आहेस.

रिसॉर्टवर तू वापरतोस त्या रोटरी. पातं गरगर फिरतं आणि गवताला झोडपून तोडतं. ग्रीनवर, म्हणजे जिथे चेंडू घालायचं ते भोक असतं तिथे, रील लागतं. फिरणारी वळणदार पाती आणि खाली एक स्थिर पट्टी, तिला बेडनाइफ म्हणतात. दोघांच्या मध्ये गवत कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं. कापायची उंची साधारण ३ मिलिमीटर. आपल्या फिटरच्या भाषेत एक सूत. रील आणि बेडनाइफमधली फट कागदाच्या जाडीपेक्षा कमी, म्हणून तपासायची तीही कागदानेच. कागदाची पट्टी आत सरकवायची आणि रील हाताने हळू फिरवायचं. जाड हातमोजा घालून. माझ्या डाव्या करंगळीचं टोक पाहिलंस तर कळेल का सांगतोय. कागद स्वच्छ कापला गेला तर ठीक. दुमडला किंवा फाटला तर गवताचंही तेच होणार. गवताच्या पात्याची टोकं फाटली की दुपारपर्यंत ग्रीन पांढरट दिसतं, पाणी जास्त मागतं, बुरशी लवकर शिरते. तिथे तुला शाश्वत, पर्यावरणपूरक असे शब्द रोज ऐकू येतील. माझ्या मते पाणी आणि औषध वाचवणारं पहिलं यंत्र म्हणजे वर्कशॉपच्या कोपऱ्यातला, रीलला धार लावायचा ग्राइंडर. रील ग्राइंड करायला शीक, बाकी आपोआप येतं.

दुसरी गोष्ट वीज. जुन्या तीन रीलच्या मशिनीत हायड्रॉलिकच्या नळ्यांचं जाळं असतं. एखादी नळी फुटली की गरम तेलाची रेघ ग्रीनवर उमटते, आणि दोन दिवसांत तिथलं गवत जळून तपकिरी होतं. २०१६ च्या जुलैत मी नळीचं एक जोड नीट आवळलं नव्हतं. सकाळी ६ ला सातव्या ग्रीनवर आडवी रेघ. पुढचे सहा आठवडे रोज कोणी ना कोणी मेंबर विचारत होता, ही रेघ कसली. म्हणून आता टोरोच्या ई-ट्रायफ्लेक्ससारखी मशिनं आली आहेत, रील, चाकं, स्टिअरिंग सगळं विजेवर, हायड्रॉलिक तेल नाहीच. आवाज कमी, त्यामुळे पहाटे ५ ला घरांच्या जवळचं ग्रीन कापलं तरी कोणी तक्रार करत नाही. पण लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, आणि इथे शून्याखाली म्हणजे वर्षातले चार-पाच महिने. तेव्हा मल्टिमीटर हातात बसव, वायरिंगचा नकाशा वाचायला शीक. मला ते ४५व्या वर्षी, पोराच्या लॅपटॉपवर शिकावं लागलं.

रोबोंना घाबरू नकोस. हस्कवार्नाचा सिओरा हा गवत कापणारा रोबो मोठ्या फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या लांब हिरवळीवर, रात्रभर एकटा फिरतो. जमिनीत तार पुरावी लागत नाही, उपग्रहाच्या खुणेवर हद्द ठरते. मेकॅनिक घरी बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं. उलट झालं. त्याची छोटी पाती बदल, सॉफ्टवेअर बघ, झाडाखाली सिग्नल तुटला म्हणून उभा राहिला की जाऊन आण. म्हैस चुकली की शोधायला जावं तसं.

फवारणीत मात्र तू नाशिकचा आहेस हेच तुझं भांडवल. इथली पोरं डॉलर स्पॉट आणि स्नो मोल्ड हे गवतावरचे बुरशीचे रोग पुस्तकातून शिकतात. तू द्राक्षावरची डावणी आणि भुरी डोळ्यांनी पाहिली आहेस. पानावरच राहणारं स्पर्शजन्य औषध कुठलं, आत भिनणारं आंतरप्रवाही कुठलं, औषधाचा एकच गट सारखा मारला की बुरशी दाद का देत नाही, पानं ओली राहिली की काय होतं, हे पिंपळगावच्या कुठल्याही बागाईतदाराला तोंडपाठ असतं. इथल्या नव्या स्प्रेअरवर जीपीएस असतं, प्रत्येक नोझल वेगळं उघडतं-मिटतं. आधी मारलेल्या पट्ट्यावरून गेलं की तेवढीच नोझलं आपोआप बंद होतात. ओंटॅरिओत २००९ पासून घरच्या हिरवळीवर नुसत्या शोभेसाठी रासायनिक फवारणीला बंदी आहे. गोल्फ कोर्सला सूट आहे, पण एकात्मिक कीडनियंत्रणाची मान्यता घ्यावी लागते आणि वर्षभरात काय, किती मारलं त्याचा हिशेब लोकांसमोर ठेवावा लागतो. म्हणजे निर्यातीच्या द्राक्षाची रेसिड्यूची, म्हणजे उरलेल्या औषधाच्या अंशाची वही, दुसरं काय. मुलाखतीत हे सांग. मी सांगितलं नव्हतं, कारण मला वाटलं शेतीचं सांगितलं की आपण गावंढळ ठरतो.

पाण्याबद्दल माझं मन अजून साफ नाही. जमिनीत दोन दांड्या खुपसून ओलावा टक्क्यांत दाखवणारा टीडीआर मीटर आहे. तो घेऊन ग्रीनवर फिरायचं आणि जिथे आकडा पडलाय तेवढ्याच जागेला हाताने नळीने पाणी द्यायचं. स्प्रिंकलर एकेक वेगळा चालतो, हवामान केंद्र बाष्पीभवन मोजून सांगतं. दुबईत तर सांडपाणी शुद्ध करून तेच देत होतो. एवढं सगळं करूनही ते पाणी खेळण्याच्या गवताला. गंगापूर धरणातून जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की आपल्याकडे मोर्चे निघतात, आणि मी इथे १३० एकरांतल्या ३ एकर ग्रीनचा ओलावा टक्क्या-टक्क्याने सांभाळतो. पगार चांगला आहे. म्हणून विचार करत नाही.

आता कागद. कागदांनी माझी जेवढी दमछाक केली तेवढी थंडीनेही नाही केली. मुलाच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोराच. नोंद गेली तेव्हा बारसं झालं नव्हतं, पुढे १३ वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. दुबईहून ३० दिवसांची रजा काढून आलो, त्यातले ११ दिवस एका कार्यालयाच्या बाकावर गेले. साहेब मीटिंगला. सर्व्हर डाऊन. शपथपत्रावर शिक्का गोल हवा होता, चौकोनी आहे. बायकोचं लग्नात नाव बदललेलं, दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. राजपत्रात छापून आणा म्हणाले. आणि अनुभवपत्र! आमच्या मालकाने दिलेलं पत्र दीड ओळीचं: "सदर इसम आमचेकडे कामास होता, वर्तणूक चांगली." कॅनडाला हवं असतं नेमकं काम काय करत होता, आठवड्याला किती तास, पगार किती. ते तू आत्ताच, खरं तेवढंच, नीट लिहून मालकाकडून लेटरहेडवर सही-शिक्क्यासह घे. मालक चांगल्या मूडमध्ये असताना. सोडून चाललास हे कळल्यावर नाही.

शाळेचं तू विचारलं नाहीस. पण खरं सांगायचं तर त्याचसाठी लिहायला बसलो.

आम्ही २०१४ च्या जानेवारीत पोचलो. मुलगा आठवीत. नाशिकच्या शाळेत गणितात कधी ९० च्या खाली आला नव्हता. महिन्याभरात शाळेने नववीचे विषय निवडायचा फॉर्म घरी धाडला. गणितापुढे दोन चौकोन, अकॅडमिक आणि अप्लाइड. बाई म्हणाल्या, त्याचं इंग्रजी अजून बसायचंय, अप्लाइडने सुरुवात करू, ताण नको. मी आयटीआयवाला माणूस. अप्लाइड म्हणजे हाताने करायचं, खरं काम. अकॅडमिक म्हणजे पोपटपंची. मला तर बरंच वाटलं, या देशात हाताच्या कामाला मान आहे म्हणून. बायको म्हणाली, नीट वाचलंत का? त्यात काय वाचायचं, म्हटलं, आणि सही ठोकली. नवं मशीन आलं की मी मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचतो. फॉर्म दोन पानांचा होता.

दीड वर्षाने कामावरच्या एका पोलिश मेकॅनिकशी डबा खाताना विषय निघाला. त्याने घास हातात धरून मला समजावलं की अप्लाइडची वाट विद्यापीठाच्या गणिताकडे जात नाही. वळायचं तर मध्ये एक जादा कोर्स करावा लागतो. मी घरी येऊन पोराला विचारलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं बाबा. पण तुम्ही सही केली होती."

तो कोर्स त्याने केला नाही. मी मागे लागलो, भांडलो, एकदा हातही उगारला, ते लिहायला लाज वाटते. आज तो २५ वर्षांचा आहे, हीटिंग आणि एसीचा लायसन्सवाला टेक्निशियन, स्वतःची व्हॅन, माझ्यापेक्षा जास्त कमावतो. लोक म्हणतात, मग झालं काय? मीही तेच म्हणतो. एकदा गाडीत विचारलं, तुला इंजिनिअर व्हायचं होतं का रे. म्हणाला, तेव्हा व्हायचं होतं. आणि गाणं लावलं.

तुझ्या मुलीला हे लागू नाही. २०२१ पासून नववीचं गणित सगळ्यांना एकच केलं, २०२२ पासून बाकीचे विषयही. दहावीत अजून वेगळे प्रकार आहेत, तेव्हा विचारशील. पण माझ्या मुलाला आलेला तो फॉर्म आता येत नाही. म्हणजे एवढं सगळं सांगून तुझ्या उपयोगाचं काहीच सांगितलं नाही.

एकटेपणा असतो. पहिले दोन हिवाळे जास्त. नोव्हेंबरात बर्फाआधीची फवारणी झाली की कोर्स बंद होतो, बाकी माणसं घरी जातात, आणि मेकॅनिक एप्रिलपर्यंत शेडमध्ये रील ग्राइंड करत बसतो. रेडिओ लाव. टोरोंटोत मराठी मंडळ आहे, आमच्यापासून अडीच तासांवर. जमलं तर ग्वेल्फ विद्यापीठात हिवाळ्यात टर्फचा, म्हणजे खेळाच्या हिरवळीचा, छोटा कोर्स असतो, तो कर, चार माणसं भेटतात.

गणपतीचं मात्र सांगतो. दुबईत सगळं कोर्स हरळीचं होतं, म्हणजे मी रोज टोपल्याच्या टोपल्या दूर्वा कापून फेकत होतो आणि घरी गणपती नव्हता. इथे घरी गणपती आहे, १३० एकर गवत आहे, आणि २१ दूर्वा मिळत नाहीत. हरळी या थंडीत टिकत नाही, ग्रीनवर बेंटग्रास असतं. बायको त्याचीच जुडी बांधते. नवव्या ग्रीनच्या कडेची, तिथलं जरा लांब असतं.

हत्यारांचं विचारून ठेव. आपल्याकडे मालक देतो, इथे बहुतेक ठिकाणी मेकॅनिकची स्वतःची पेटी असते, आणि मेट्रिक-इंच दोन्ही लागतं. तिकडून उचलून आणू नकोस, वजनातच पैसे जातील. पहिल्या पगाराआधी खर्च किती येईल ते लेखी घे.

फोन करायचा तर तुमच्या सकाळी साडेसहाला कर, उन्हाळ्यात तेव्हा आमचे रात्रीचे ९ असतात. ऑफर लेटर आणि मुलीच्या शाळेचे जे कागद येतील त्यांचे फोटो पाठव. मी वाचतो. नाही तर मुलाला वाचायला देतो, त्याचं इंग्रजी आता माझ्यापेक्षा बरं आहे.