फ्रान्सची शाळा पुदुच्चेरीत कशी राहिली?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीमुळे पुदुच्चेरीत स्थायिक झाला. सून तिथलीच, तमिळ, पण तिचा पासपोर्ट फ्रान्सचा. नातीला त्यांनी तिथल्या 'लीसे फ्रांसे'मध्ये घातलं आहे. ही शाळा फ्रान्सचं सरकार चालवतं म्हणे. इंग्रज गेले, आपल्या शेजारच्या गोव्यातून पोर्तुगीज गेले, मग फ्रान्सची सरकारी शाळा आपल्या देशात अजून कशी? आणि पोरीचं पुढे अडणार तर नाही ना?
— एक आजोबा, जामसंडे, ता. देवगड

उत्तर : आजोबा, तुम्ही गोव्याचं नाव काढलंत ते बरं झालं, कारण उत्तर तिथेच आहे. मी वेंगुर्ल्याची, शाळेत इतिहास शिकवायचे. पणजीचं लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा, आमच्याकडच्या जुन्या माणसांना ऐकून माहीत असायचं. पोर्तुगिजांनी ते १८५४ साली काढलं. डिसेंबर १९६१ मध्ये आपलं सैन्य गोव्यात शिरलं आणि पोर्तुगालने हे विलीनीकरण १९७४ पर्यंत मान्यच केलं नाही. दोन्ही देशांत बोलणंच नव्हतं, तर शाळांचं काय करायचं हे ठरवणार कोण? पोर्तुगीज शिक्षण राज्यकर्त्यांबरोबर गेलं.

पुदुच्चेरीची शाळा त्याहून जुनी. फ्रेंच गव्हर्नर देबासैं द रिशमों यांनी १८२६ मध्ये ती 'कोलेज रोयाल' म्हणून सुरू केली. पण ती टिकली ती वयामुळे नव्हे, करारामुळे. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी किळूर गावी लोकप्रतिनिधींनी मतदान केलं. १७८ पैकी १७० जणांनी भारतात यायचं ठरवलं आणि १ नोव्हेंबरला कारभार आपल्याकडे आला. गोळी न झाडता. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. पुढे २८ मे १९५६ च्या करारात दोन्ही सरकारांनी लिहून ठेवलं की फ्रेंच कॉलेज, म्हणजे हीच शाळा, आहे त्या जागेत राहील आणि फ्रान्सच्या परीक्षांची तयारी करून घेईल. फ्रान्सच्या संसदेने मंजुरी द्यायला सहा वर्षं लावली, कारण अल्जीरिया या फ्रान्सच्या दुसऱ्या वसाहतीत स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. अखेर १६ ऑगस्ट १९६२ ला सगळं कायदेशीर झालं.

सूनबाईंच्या पासपोर्टचं मूळही बहुधा याच करारात असावं. तिथे जन्मलेल्या रहिवाशांना सहा महिन्यांत लेखी कळवून फ्रेंच नागरिक राहण्याची मुभा होती. हजारोंनी ती घेतली. फ्रेंच सैन्यात आणि सरकारी नोकरीत असलेली तमिळ घरं त्यात बरीच होती. त्यांचीच मुलं, नातवंडं या शाळेत येत राहिली. शाळा केवळ कागदावर जिवंत राहत नाही, तिला पोरं लागतात. ती याच घरांनी दिली.

आज ही शाळा फ्रान्सच्या परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीतल्या संस्थेकडे आहे. परदेशातल्या फ्रेंच शाळांसाठी ती १९९० मध्ये स्थापन झाली. अभ्यासक्रम फ्रान्समधलाच, त्यामुळे उद्या मुलाची बदली दुबईला किंवा लंडनला झाली तरी तिथल्या अशा शाळेत नात त्याच इयत्तेत पुढे शिकू शकेल. फी जड जात असेल आणि नातीची नोंद फ्रेंच नागरिक म्हणून असेल, तर उत्पन्न पाहून शिष्यवृत्ती मिळते. सूनबाईंना वकिलातीत चौकशी करू दे.

पुढच्या शिक्षणाचं म्हणाल तर शेवटी 'बाकालोरेआ' परीक्षा असते. भारतात कॉलेजला जायचं ठरलं तर परदेशी परीक्षांची समकक्षता असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज ठरवते. डॉक्टर व्हायचं मनात असेल तर शेवटच्या दोन वर्षांचे विषय निवडण्याआधीच 'नीट'ची अट वाचून घ्या. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही लागतात आणि फ्रेंच पद्धतीत शेवटच्या वर्षी विषय कमी होत जातात. इथे गाफील राहू नका.

फ्रेंच भाषा तिला शाळेत येईल, तमिळ आईकडून. मराठी मात्र तुमच्याच हातात आहे. सुट्टीत तिला देवगडला बोलावून घ्या, आणि फोनवर तुम्ही तिच्याशी हिंदीत बोलत असाल तर ते आजपासून थांबवा.