आधी जाळी, मग पाणी

*ताई,*
*वय ६८. पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त. सहकारनगरला जुना बंगला, मागे थोडी बाग. नातू यंदा तिसरीत जाईल. सुट्टीत त्याच्यासोबत माशांचं तळं करायला घेतलं. त्याने फक्कीने आकार आखला होता, जरा वेडावाकडा. मी दोरी लावून सरळ करून घेतला. सहा फूट बाय चार, खोली दोन फूट. खणून झालं आणि तिने सांगितलं, 'बाबा, खड्डा बुजवा.' गेल्या वर्षी तिला डेंग्यू झाला होता, आणि धाकटी नात दीड वर्षाची आहे, ही तिची कारणं. आम्ही वाड्यात हौदाशेजारी वाढलो, कुणी बुडालं नाही. मुलगा म्हणतो, तुम्ही दोघं बघून घ्या. नातू आईशी धड बोलत नाही. सिमेंट येऊन पडलंय, कोई मासे ठरवलेत, जलपर्णी नदीवरून फुकट मिळेल. माझ्याच बागेत मला खड्डा खणायची चोरी आहे का?*
*– खड्ड्यातला आजोबा*

काका, नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा मे संपत होता. आता मृग दारात आहे, म्हणून मानापमान थोडा वेळ बाजूला ठेवून आधी खड्ड्याचं बोलते. उघडा, रिकामा, दोन फूट खोल खड्डा आणि वरून पाऊस, ही तुमच्या सूनबाई ज्याला घाबरताहेत ती नेमकी गोष्ट आहे. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, त्याला असंच साचलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं बॅटरी घेऊन घरोघरी अळ्या शोधतात. ती तुमच्या मागच्या अंगणात आली तर नोटीस तुमच्या नावाने निघेल, नातवाच्या नाही. तेव्हा आजच्या आज त्यावर फळ्या टाका, त्यावर ताडपत्री, कडेला विटा. ताडपत्री ताणून बांधा, नाहीतर तिच्याच खळग्यात पाणी साचायचं. बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल.

टाकल्या फळ्या? मग बसा.

तुमच्या पत्रात नातू आहे, नात आहे, मुलगा आहे, कोई मासेसुद्धा आहेत. सूनबाई मात्र 'ती' आहेत. 'तिने सांगितलं', 'तिची कारणं'. ज्या बाईने गेल्या वर्षी डेंग्यू काढला, प्लेटलेट्सचे आकडे ऐकत रात्री काढल्या असतील, आणि तेव्हा तिचं धाकटं लेकरू जेमतेम काही महिन्यांचं असेल, ती दाराबाहेर पाणी साठवायला नको म्हणते. यात तुमच्या बागेवरचा हक्क कुठे आला? तिने तुमच्या गुलाबांना कधी नावं ठेवली का? ठेवली असती तर तुम्ही पत्रात नक्की लिहिलं असतं, एवढं मी तुम्हाला आतापर्यंत ओळखलं आहे.

तिची दोन कारणं एका मापाची नाहीत, हे मात्र तुम्हालाही पटेल.

डासांचं उत्तर आहे आणि ते सोपं आहे. मासे असलेल्या तळ्यात डास वाढत नाहीत, कारण अळ्या हे गप्पींचं आवडतं जेवण. विहिरीत, बांधकामाच्या टाक्यांत गप्पी सोडतात ते त्यासाठीच. खरा धोका कुंड्यांखालच्या बशा, कूलर, गच्चीवरचा फुटका डबा यांत असतो. हे सूनबाईंना तोंडी सांगत बसू नका. येत्या रविवारी नातवाला घेऊन अख्ख्या बंगल्याची फेरी मारा, सगळ्या बशा पालथ्या घाला, घासून घ्या. घासणं महत्त्वाचं, कारण या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहिली तरी काही महिने तग धरतात आणि पाणी मिळालं की फुटतात. दर आठवड्याला हा एक कोरडा दिवस पाळलात, तर तळं होवो न होवो, त्या घरात डेंग्यूची भीती गेल्या वर्षीपेक्षा कमी होईल. आणि ती तुमच्यामुळे कमी झाली, हे सांगावं लागणार नाही, दिसेल.

दीड वर्षाच्या नातीचं कारण वेगळं. तिथे वाद घालायला जागाच नाही. या वयाच्या मुलाचं डोकं जड, तोल पुढे; वाकून बघायला गेलं की पडतं, आणि पडलं की स्वतःला उचलता येत नाही. बुडायला दोन फूट कशाला, वीतभर पाणीही पुरतं. आरडाओरडा होत नाही, पाणी उडत नाही. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला काही कळत नाही.

तुमच्या वाड्यातल्या हौदाचं म्हणाल, तर वाड्यातल्या हौदाला कठडा असायचा आणि चौकात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कुणी ना कुणी भांडी घासत, कपडे धूत, पाणी भरत असायचं. पोर हौदाकडे सरकलं की चार बायका एकदम ओरडायच्या. तो पहारा तुमच्या बागेत नाही. तिथे तुम्ही आहात, आणि दुपारी एक ते चार तुम्ही कुठे असता, हे पुण्यात मी विचारायची गरज नाही. शिवाय 'आमच्यात कुणी बुडालं नाही' हे जे वाचले तेच सांगायला राहतात.

म्हणून तळं करा, पण क्रम उलटा. आधी जाळी, मग पाणी. तुम्ही टूलरूमचे माणूस, हे काम तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमणार? अँगलची चौकट, मधे आडवी पट्टी, त्यावर दोन इंची चौकोनाची जाड वेल्डमेश, एका बाजूला बिजागऱ्या, दुसरीकडे कुलूप. चौकट काठावर बसेल, जाळी पाण्याच्या वर राहील. रंगाचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग सूनबाईंना बोलवा आणि त्यांच्यासमोर जाळीच्या मध्यभागी स्वतः उभे राहा. ती जराही लवली, तर आणखी एक पट्टी मारा आणि पुन्हा बोलवा. हिशोबाने ती टिकेल हे तुम्हाला माहीत आहे; त्यांना ते डोळ्यांनी दिसायला हवं. किल्ली त्यांच्याकडे द्या. एकच किल्ली. मासे बघायचे, पानं काढायची, पाणी बदलायचं, तर मागायला जायचं. हे तुम्हाला जड जाईल, पण मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात कामाची वाटते. आणि जाळी असली तरी धाकटीला बागेत एकटं सोडायचं नाही, हे त्यांनी बोलायच्या आत तुम्ही बोला. तीच जाळी ढोकरी बगळ्याला आणि मांजरांनाही आवरेल, तो वरचा फायदा.

एवढं करूनही त्या 'अजून दोन-तीन वर्षं नको' म्हणाल्या, तर नको. खड्ड्यात माती भरा, हळदीच्या गड्ड्या लावा. पाणी कुठे पळून जात नाही.

आता नातवाकडे येते, कारण पत्र तुम्ही खरं त्याच्यासाठी लिहिलंत. तो आईशी बोलत नाही, याचं दुःख तुम्हाला आहे. आपल्या बाजूने एक शिपाई मिळाल्याचं थोडं सुखही आहे की काय, अशी मला शंका येते. रागावू नका. 'तळं कधी होणार?' असं त्याने विचारल्यावर तुम्ही 'तुझ्या आईला विचार' म्हणत असाल, तर ते आजपासून बंद. त्याला सरळ सांगा: आईचं बरोबर आहे, बहीण लहान आहे, मी आधी जाळीचा विचार करायला हवा होता, आता आपण दोघं तो करू. आठ वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं. मोठ्यांच्या भांडणात कुणाच्या पंगतीला बसायचं, तेवढं मात्र त्याला ठरवायला लावू नये.

आणि ती फक्की, काका. पोराने आपल्या हाताने तळं आखलं आणि तुम्ही दोरी लावून त्याचा चौकोन केलात. त्याच्या आईने काही म्हणायच्या आधीच त्याचं तळं निम्मं तुम्ही बुजवलं होतं. वेडावाकडा आकार चुकीचा नसतोच. सिमेंटला तो अवघड जातो, पण सिमेंट हवंय कुणाला? नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, मासे दगावतात. पुन्हा पुन्हा पाणी भरून ओतत आठवडे घालवावे लागतात. ती पोती परत करा. शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद आणा, तो कुठल्याही वळणात बसतो. त्याचं माप नातवाला काढू द्या: लांबी, अधिक दोनदा खोली, अधिक दोन्ही काठांना एकेक फूट. सहाचे बारा होतात, चाराचे दहा. तिसरीतल्या मुलाला एवढं जमतं आणि उत्तर चुकलं तर कागद कमी पडतो, गुरुजी लागत नाहीत. कोपरे त्याच्या मनासारखे गोल करून द्या. जाळीची चौकट मात्र चौकोनीच ठेवा, तिथे तुमची दोरी वापरा.

सहकारनगरला दोन फुटांवर मुरूम लागला असणार. त्याचे खडे कागदाला भोकं पाडतात, म्हणून खाली दोन इंच वाळू आणि वर जुन्या सतरंज्या. वाळू चाळायचं आणि हाताने चाचपून टोकदार खडा शोधायचं काम पोराचं. त्याची बोटं तुमच्यापेक्षा बारीक आहेत. काठ जमिनीपासून पाच-सहा इंच वर घ्या, म्हणजे पावसात बागेतला गाळ आणि खत आत येणार नाही. जादा पाणी जायला नळी ठेवा, तिच्या तोंडाला बारीक जाळी बांधा.

कोई मासे विसरा. तुमच्या तळ्यात साधारण साडेतेराशे लिटर पाणी मावेल. कोई वाढून हातभर होतो, त्याला याच्या कितीतरी पट पाणी लागतं. दुकानदार बोटाएवढा देतो, त्यामुळे हे नंतर कळतं. गप्पी आणा. पाणी भरलं की दोन दिवस थांबा, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी दुकानात मिळतं ते अँटी-क्लोरीन घाला आणि आठ-दहाच सोडा. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो पचवणारे जिवाणू नव्या पाण्यात नसतात. ते वाढायला महिना-दीड महिना जातो. तोवर थोडेच मासे, चिमटीपेक्षा कमी खाऊ. पाणी हिरवं होईल, घाबरून उपसू नका. गप्पींना थेट पिल्लं होतात, तीही साधारण महिन्या-महिन्याला, तेव्हा मासे पुरवायची काळजी तुम्हाला नाही. पोर काय काय प्रश्न विचारेल, त्याची तयारी ठेवा. एखादा मासा मेला तर गुपचूप दुसरा आणून टाकू नका. त्याला दाखवा, आणि जास्वंदीच्या मुळाशी पुरू द्या.

जलपर्णी तर मुळीच नाही. ती नदीतून आणि पाषाण तलावातून काढता काढता शहराच्या नाकी नऊ आले आहेत, तुम्ही ती घरी आणताय! कुंडीत एक कुमुदिनी लावा, तिला दिवसाचं पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी; उरलेल्या तळ्यावर सावली असू दे, एप्रिलमध्ये चाळिशी गाठलेल्या उन्हात माशांना ती लागेल. आणि उद्या कंटाळा आला, मासे फार झाले, तरी ते मुठा नदीत किंवा कात्रजच्या तलावात सोडायचे नाहीत. दुकानदाराला परत द्यायचे, शेजाऱ्याला द्यायचे.

चिरंजीवांबद्दल एकच: 'तुम्ही दोघं बघून घ्या' म्हणणाऱ्याला अँगल आणायला पाठवा. ओझं उचललं की माणूस आपोआप बाजू घेतो.

सूनबाईंशी बोलायला नातू शाळेतून यायच्या आधीची वेळ निवडा. जाळीचं चित्र कागदावर काढून न्या, मापांसकट, आणि विचारा, 'यात काय राहिलंय?' त्या काहीतरी काढतीलच, ते लिहून घ्या. आणि वेल्डिंग चालू असताना पोराला जवळ उभं करू नका, नाहीतर यादीत आणखी एक कारण वाढेल.

– ताई