पाच माणसं, पंधरा हजार रुपये आणि मे महिन्यातलं कोकण: जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात राहता, घरात तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांची आई. स्वतःची गाडी नाही. मुलांना मे महिन्यात कोकणातला समुद्र दाखवायचाय, पण पंधरा हजारांच्या वर रुपया काढता येणार नाही. जमेल का?

जमेल. चार रात्री नीट राहून, पोटभर जेवून जमेल. मी एसटीत कंडक्टर म्हणून अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी चिपळूण-गुहागर पट्ट्यात. आता निवृत्त होऊन गुहागर तालुक्यातच राहतो. दर मे महिन्यात तुमच्यासारखी कुटुंबं माझ्या गाडीत चढायची आणि चार-पाच दिवसांनी परतीला पुन्हा भेटायची. कुणाचे पैसे कुठे गेले, हे ती माणसं तिकीट काढता काढता सांगायची.

त्यावरून एकच गोष्ट कळकळीने सांगतो. एक गाव धरा, एक घर धरा आणि परत निघेपर्यंत बॅग उचलू नका. कोकणात राहणं-जेवण स्वस्तात बसवता येतं, पैसे खाते ती भाड्याची गाडी. माझ्या मेहुण्याने पुण्याहून गाडी केली आणि तीन दिवसांत हरिहरेश्वर, मुरुड, गुहागर, गणपतीपुळे असं सगळं उरकलं. अठरा हजारांतले अकरा हजार गाडीवाल्याला गेले. पोरं वळणांवर ओकून ओकून अर्धमेली झाली होती. आमच्या घरी जेवायला थांबले तेव्हा धाकट्याला समुद्र बघायचा नव्हता, झोपायचं होतं.

तेव्हा गाव असं निवडा की एसटी स्टँडवर उतरलं की समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर हवा. माझं मत गुहागरला. मी इथला म्हणून पक्षपात वाटेल, पण कारणं ऐका. स्टँड गावातच आहे. व्याडेश्वराच्या देवळामागून चालत किनाऱ्यावर पोचता येतं. किनारा पाच-सहा किलोमीटर सलग लांब, त्यामुळे मेमध्येही माणसाला माणूस घासत नाही. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून घरं आहेत आणि त्यातली बरीच माणसं एक-दोन खोल्या पाहुण्यांना देतात. व्याडेश्वर आणि दुर्गादेवी पुष्कळ घराण्यांची कुलदैवतं आहेत, त्यामुळे घरगुती राहण्या-जेवण्याची इथे जुनी सवय आहे. आईंना देऊळ पायाखाली, मुलांना वाळू.

मालवण-तारकर्ली सुंदरच आहे. सिंधुदुर्ग किल्ला मुलांनी बघायलाच हवा. पण तुमच्यासाठी प्रवास लांबतो, आणि होडी, डायव्हिंग, किल्ल्याची फेरी असं करत दिवसाचा खर्च हाताबाहेर जातो. तो बेत दोन वर्षांनी करा, धाकटा सहाचा झाला की. अलिबाग जवळ आहे, पण शनिवार-रविवारी तिथले खोल्यांचे भाव तुमच्या बजेटला झेपायचे नाहीत. रोज ताजे मासे हा मुख्य मुद्दा असेल तर मात्र दापोलीकडचं मुरुड किंवा हर्णै बघा, कारण गुहागरात बऱ्याच घरी जेवण शाकाहारीच असतं.

आता प्रवास. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, १७ मार्च २०२३ पासून, सगळ्या प्रकारच्या गाड्यांना. म्हणजे तुमच्या पत्नीचं अर्धं आणि आईंचंही अर्धं. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना हाफ, पाचाच्या आतल्याला तिकीटच नाही. तुमचं एक पूर्ण. म्हणजे पाच जणांचं मिळून अडीच तिकीट. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, आणि मुलीला स्वतंत्र बर्थ हवा तर पूर्ण भाडं पडतं. आरक्षणात तिथे चार तिकिटं होतात.

तरीही आईंचे गुडघे दुखत असतील तर जाताना रेल्वे घ्या. रात्रभर वळणांवर बसून येण्यापेक्षा चिपळूणपर्यंत आडवं होऊन यावं, ते बरं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यात चाकरमानी गावाला निघालेले असतात, त्यामुळे त्याच दिवशी सकाळी बसा. तुतारी एक्स्प्रेस पहाटे चिपळूणला सोडते, लहान मुलांना सोयीची आहे. फक्त ती दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते. दहा तारखेच्या रात्री निघायचं तर तिकीट अकरा तारखेचं हवं. या घोळात एक दिवस उशिरा स्टेशनवर गेलेली माणसं मी पाहिली आहेत. चिपळूण स्टेशन गावाबाहेर वालोप्याला आहे, तिथून रिक्षाने एसटी स्टँडवर या आणि गुहागरची गाडी पकडा. परतीला मात्र गुहागरहून थेट एसटी, म्हणजे एका बाजूला तरी अडीच तिकिटांचा फायदा होतो.

कधी यायचं? सोमवारी पोचा, शुक्रवारी निघा. शनिवारच्या रात्रीला जी खोली दोन-अडीच हजार सांगतात, तीच मंगळवारी हजार-बाराशेला मिळते, आणि घरवाल्यांनाही तुमच्याशी बोलायला उसंत असते. महिन्याचा शेवटचा आठवडा टाळा. २०२५ साली मान्सून २५-२६ मेलाच येऊन ठेपला आणि त्या आठवड्याचा बेत केलेल्यांना खोलीत बसावं लागलं.

घर फोनवर ठरवताना आईंचा विचार आधी करा. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का, विहिरीला मे महिन्यात पाणी पुरतं का, धाकट्याचं दूध तापवून मिळेल का. पूर्ण पैसे आधी पाठवू नका, एका रात्रीचे पुरे. हल्ली दुसऱ्याच घराचे फोटो लावून आगाऊ रक्कम उकळणारे निघालेत. माझ्या ओळखीतलं एक कुटुंब रात्री आठ वाजता अशा पत्त्यावर येऊन उभं राहिलं होतं, तिथे ते घरच नव्हतं. दोन लहान मुलं बरोबर होती. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: तुमच्या घराजवळचा एसटी थांबा कुठला आणि तिथून शेवटची गाडी किती वाजता? खरा गाववाला पटकन थांब्याचं नाव सांगेल, वर कुठल्या गाडीचा कंडक्टर उशीर करतो तेही सांगेल. जो अडखळेल त्याला पैसे पाठवू नका.

जेवणाचे ताटाचे भाव आधी ठरवा आणि मुलांना अर्धं ताट सांगा. घरचं साधं जेवण मागा: आमटी-भात, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. न्याहारीला घावणे. मोदकाचं ताट एकदाच, ठरवून. बाहेर खाल्लंत तर सुरमई-पापलेटपेक्षा बांगडा घ्या, चवीला कमी नाही आणि निम्म्याने पैसे वाचतात. बाटलीतल्या कोल्ड्रिंकऐवजी घरवालीकडून कोकमाचं आगळ घ्या, पाच दिवस सरबत पुरेल.

हिशोब साधारण असा बसतो. चार रात्री बाराशेप्रमाणे ४,८००. जेवण, न्याहारी, चहा मिळून रोजचे तेराशे-चौदाशे, म्हणजे ५,५००. जाण्यायेण्याचे ३,०००. इथल्या इथे एसटी आणि एक दिवस रिक्षा, १,०००. झाले १४,३००. उरलेले सातशे आंब्यांना ठेवा. पण हायवेवरच्या पेट्यांकडे बघू नका. ज्यांच्याकडे उतराल त्यांनाच विचारा, डागी किंवा बारीक हापूस आहे का. तो कॅनिंगला किलोवर जातो, दिसायला वाईट आणि खायला तोच. मुलांना मात्र रायवळ द्या. टोपलीभर रायवळ पुढ्यात घेऊन, कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर चोखायचे. शहरातल्या मुलांना हे बहुतेक माहीतच नसतं, आणि पैसे जवळजवळ लागत नाहीत.

आता ज्या गोष्टीला एक पैसा पडत नाही आणि जी माहीत नसल्याने दर वर्षी कुणाच्या तरी घरी रडारड होते, ती सांगतो. भरतीची वेळ. ही आमच्याकडे पोरासोरांना येते. कालनिर्णय बघा, त्या दिवशीची तिथी कुठली ते पाहा, आणि तिची पाऊणपट करा. तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी.

मुलांना डुंबायला पाणी चढत असतानाची वेळ घ्या. अष्टमीच्या आसपास आलात तर भरती संध्याकाळी सहाला असते, म्हणजे चार ते सहा पाणी चढतं. शिवाय तेव्हा भांगाची भरती असते, जोर कमी. लहान मुलांसाठी हेच दिवस सगळ्यात चांगले. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा पाणी उतरायला लागलं की पायाखालची वाळू सरकते आणि ओढ लागते. त्या वेळी मोठ्यांनीही घोट्याच्या पुढे जाऊ नये. खाडीच्या तोंडाशी आणि खडकांजवळ तर कधीच नाही. पोहता येतं म्हणून धीट झालेला माणूसच जास्त आत जातो. गावकरी हाका मारत असेल तर वाद न घालता बाहेर या. तो हौसेने ओरडत नसतो.

एक दिवस हेदवीला द्या. गुहागरहून तिकडे एसटी जाते. दशभुज गणेशाचं देऊळ बघा आणि मग किनाऱ्यावरची बामणघळ. खडकातली ती अरुंद भेग आहे, भरतीचं पाणी तिच्यात कोंडून वर उसळतं. पण ओहोटीला गेलात तर नुसती कोरडी भेग दिसते, आणि कितीतरी लोक तीच बघून परत जातात. म्हणून तिथीचा हिशोब इथेही लागतो. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळचा दिवस मिळाला तर साडेदहाला तिथे पोचा, पाणी चढताना दिसेल. खडक निसरडे असतात, धाकट्याचा हात सोडू नका आणि आईंना वरच सावलीत बसवा. परतीची शेवटची गाडी सकाळीच स्टँडवर विचारून ठेवा. शाळांसाठी सुटणाऱ्या काही फेऱ्या मेमध्ये बंद असतात, त्यामुळे जुनं वेळापत्रक धरून बसलेली माणसं फाट्यावर अडकतात आणि रिक्षाला चारशे-पाचशे मोजतात.

दुसरा एक दिवस धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने खाडी ओलांडून या. गाड्या, माणसं, सगळं एकाच बोटीत चढतं. चालत चढणाऱ्याचं तिकीट किरकोळ आहे आणि मुलांना ती मोठी जलसफर वाटते. उरलेले दिवस काही ठरवू नका. सकाळी वाळूत, दुपारी वाडीत झोप, संध्याकाळी पुन्हा वाळूत.

तारखा ठरल्या की इथेच कळवा. त्या चार दिवसांच्या भरतीच्या वेळा मी काढून देतो, मग हेदवीला कुठल्या दिवशी जायचं ते ठरवू.