‘क्रांतिक’ कोनात क्रांती कुठली?

मालवणच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. मुलीच्या विज्ञानाच्या वहीत ‘ज्या कोनात प्रकाशात क्रांतिकारी बदल होतो तो क्रांतिक कोन’ असं लिहून दिलंय, ते बरोबर का? शिवाय ‘क्रांतिक’मधला ‘ति’ ऱ्हस्व की दीर्घ?

साफ चूक. ही ‘क्रांतिकारी’ व्याख्या इतक्या वह्यांमधून फिरते आहे की तिचा उगम शोधायचं मी सोडून दिलंय. तिचा एक भाऊ किनाऱ्यावर भेटतो. तारकर्लीला पर्यटकांना पाण्यात उतरवणाऱ्या होडीवर, क्रांतिक कोनाचं इंग्रजी नाव घेऊन, ‘क्रिटिकल अँगल म्हणजे डेंजर अँगल’ असं छातीठोक सांगितलेलं ऐकलंय.

भौतिकशास्त्र झटपट उरकतो. किरण पाण्यातून हवेत, म्हणजे घन माध्यमातून विरळ माध्यमात येतो तेव्हा स्तंभिकेपासून, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेपासून, दूर वाकतो. आपाती कोन, म्हणजे येणाऱ्या किरणाचा स्तंभिकेशी होणारा कोन, वाढवत नेला की एका टप्प्यावर बाहेर पडणारा किरण पाण्याच्या पृष्ठभागाला घासून जातो. तो आपाती कोन क्रांतिक. पाण्यासाठी सुमारे ४८.६ अंश, साध्या काचेसाठी ४२च्या आसपास, हिऱ्यासाठी २४.४. त्याच्या पुढे किरण हवेत येतच नाही, सगळाच्या सगळा आत परततो. केप्लरने हे १६११ सालीच नोंदवलं होतं. ‘क्रांतिक कोनाला पूर्ण आंतरिक परावर्तन होतं’ असं सर्रास लिहितात, तेही चूक; ते होतं क्रांतिक कोन ओलांडल्यावर. उलट्या दिशेला, हवेतून पाण्यात जाताना, हा कोन नसतोच.

आता शब्द. मूळ धातू क्रम्, म्हणजे पाऊल टाकणं. क्रम, विक्रम, पराक्रम, आक्रमण, अतिक्रमण ही सगळी त्याचीच लेकरं. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा त्रिविक्रमही त्यातलाच. क्रांती म्हणजे आधी चालणं, ओलांडणं. राज्यं उलथवण्याचा अर्थ या शब्दाला फार उशिरा चिकटला. त्याआधी कित्येक शतकं ज्योतिषग्रंथांत क्रांती म्हणजे काय होतं? एक कोन! सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश सरकला, ती त्याची क्रांती. तो ज्या वाटेने चालतो ते क्रांतिवृत्त. मालवण आहे साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्याची उत्तर क्रांती १६ अंश झाली की भर दुपारी अंगणात काठी उभी करून बघा, सावली सापडायची नाही. ऑगस्टमध्ये तोच योग पुन्हा येतो, पण तेव्हा कोकणात सूर्यच सापडत नाही.

आणि हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही: सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात परमक्रांतीची, म्हणजे सूर्याच्या सर्वांत मोठ्या क्रांतीची, ‘ज्या’ (त्रिकोणमितीतली साइन) १३९७ दिली आहे, त्रिज्या ३४३८ धरून. गणित करा, कोन येतो २४ अंश. हिऱ्याचा क्रांतिक कोन २४.४! निव्वळ योगायोग आहे, कबूल. पण काय योगायोग आहे!

काही विद्वानांचं म्हणणं असं की ‘क्रांतिक’ हा ‘क्रिटिकल’ला नुसता आवाजाने जुळवलेला शब्द, ‘ट्रॅजेडी’ची ‘त्रासदी’ केली तसा. आवाज जुळलाही असेल, पण आवाज जुळला म्हणून अर्थ पोकळ ठरतो हे कुठलं तर्कशास्त्र? दुसरा पंथ ‘निर्णायक कोन’ म्हणा सांगतो, कारण ग्रीक मुळात निवाडा करण्याचा अर्थ आहे. मूळ तसं आहे, खरं. पण त्याच मुळापासून ग्रीक वैद्यांनी दुखण्याच्या वळणाला ‘क्रिसिस’ म्हटलं: इथून रोगी एकतर सुधारणार, नाहीतर जाणार. वळणावरून हा शब्द धोक्यावर घसरला. मग आपली संक्रांत बघा. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत पाऊल टाकतो, इतकाच तिचा अर्थ. तरी ‘नोकरीवर संक्रांत आली’ म्हटलं की तीळगूळ कुणाला आठवत नाही. दोन भाषांत, दोन वेगळ्या मुळांपासून, वळणाचा शब्द संकटाकडे गेला. ‘निर्णायक’वाल्यांनी ही जोडी पाहिलीच नाही, किंवा पाहून सोडली, मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं. माझ्या मते ‘क्रिटिकल’ला क्रम् कुळातल्या शब्दाइतकं अचूक उत्तर मराठीत दुसरं नाही. क्रांतिक तापमानही घ्या. कार्बन डाय-ऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर गेला की कितीही दाब द्या, द्रव होत नाही. तिथेही उंबरठाच ओलांडलेला असतो, बंड कुणी केलेलं नसतं.

त्या होडीवाल्याचं म्हणणं मात्र एका माशाच्या बाबतीत थोडं खरं आहे. तारकर्लीच्या पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला आख्खं आकाश डोक्यावरच्या एका गोल झरोक्यात दिसतं, कौलारू घरात काचेचं कौल बसवतात तसं. स्तंभिकेच्या सगळ्या बाजूंनी अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास अंश, एवढीच त्याची खिडकी. तिच्या बाहेर पृष्ठभागाचा आरसा होतो आणि त्यात तळ दिसतो. क्षितिजावर टेकलेला सूर्य त्याला चांगला ४१ अंश वर दिसतो. काठावर गरी टाकून बसलेला माणूसही त्याला त्या खिडकीच्या कडेलाच, दबलेला, चपटा असा दिसतो. तेवढा डेंजर अँगल मान्य.

हां, तो ‘ति’. ऱ्हस्व. मराठीत सुटा शब्द ‘क्रांती’ दीर्घ लिहितो, पण प्रत्यय लागला किंवा समास झाला की मूळ संस्कृत ऱ्हस्व परत येतो: क्रांतिक, क्रांतिवृत्त, आणि हो, क्रांतिकारीसुद्धा. मुलीच्या वहीतलं शुद्धलेखन ठीक आहे, व्याख्या खोडा.