मेडिकलमध्ये गोळ्या कुणीही काढून देतो, मग फार्मसी शिकून उपयोग काय? यावर कुणी संशोधन केलंय का?

तुम्ही लिहिलंय की बारावी सायन्स झाली, घरचे म्हणतायत डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) कर, लायसन्स हातात येईल, स्वतःचं मेडिकल टाक नाहीतर लायसन्स कुणाच्या तरी दुकानाला लावून दे. आणि तुमची शंका अशी की दुकानातला दहावी नापास पोरगाही रॅकमधून बरोबर गोळी काढतो, मग दोन वर्षं घालवायची कशासाठी?

मी आधी काउंटरवर होते, आता डी.फार्म.च्या मुलांना शिकवते. हा प्रश्न दर वर्षी वर्गात येतो, आणि तो चुकीचा नाही. रॅकमधून गोळी काढायला खरंच शिकावं लागत नाही. महिनाभर काउंटरवर उभं राहिलं की कंपनीप्रमाणे लावलेली रॅक हाताला कळायला लागते. पण गोळी काढणं हे फार्मासिस्टचं काम आहे असं आपण धरून चाललोय, घोळ तिथे आहे.

संशोधनाचं म्हणाल तर भरपूर झालंय. त्यातलं एक मी मुलांना आवर्जून सांगते, कारण त्यात आपली मुंबई आहे. मुंबई, दिल्ली आणि पाटणा या तीन शहरांत 622 मेडिकलमध्ये शिकवून तयार केलेले खोटे पेशंट पाठवले गेले. हा अभ्यास 2016 मध्ये लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात आला. पेशंट दोन प्रकारचे. पहिला म्हणायचा, दोन-तीन आठवडे खोकला आणि ताप आहे, काहीतरी द्या. दुसऱ्याचीही तक्रार खोकल्याचीच, पण त्याच्या हातात थुंकीचा रिपोर्ट असायचा आणि त्यावर टीबी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं. अपेक्षा एवढीच होती की दुकानदाराने अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइड न देता त्याला डॉक्टरकडे पाठवावं. पहिल्या पेशंटच्या वेळी हे झालं फक्त 13 टक्के भेटींत. रिपोर्ट दाखवणाऱ्याच्या वेळी 62 टक्के. अँटिबायोटिक देण्याचं प्रमाणही पहिल्याच्या बाबतीत 37 टक्के, दुसऱ्याच्या बाबतीत 16 टक्के. टीबीची मुख्य औषधं मात्र एकाही दुकानाने परस्पर दिली नाहीत.

पेपरांत या अभ्यासाची बातमी ‘मेडिकलवाले बेफिकीर’ अशा सुरात वाचली तर नवल नाही. मला त्यात वेगळं दिसतं. शहरं तीच, दुकानं त्याच प्रकारची, काउंटरमागचा माणूस तसाच. फरक काय तर एक कागद. कागद समोर आला की बहुतेकांना कळत होतं की हे आपल्या हातातलं नाही, डॉक्टरकडे जायला हवं. म्हणजे ज्ञान अगदीच नव्हतं असं नाही. जो कागदाविना आला त्याला मात्र ‘किती दिवसांचा खोकला? रात्री घाम येतो का? वजन उतरलंय का? घरात कुणाला टीबी होता का?’ हे पुरेसं विचारलं गेलं नाही. त्या रिपोर्टमध्ये जे लिहिलेलं होतं, त्याची निदान शंका तरी चार प्रश्नांत आली असती. फार्मसीत शिकण्यासारखं काय, तर हे विचारणं. माझ्या मते बाकी सगळा अभ्यासक्रम त्या प्रश्नांना आधार देण्यासाठी आहे.

काउंटरवर हे कसं दिसतं ते सांगते. संधिवाताचे पेशंट मेथोट्रेक्सेट घेतात. ही गोळी बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि सोबत फॉलिक अॅसिड असतं. आपल्याकडे औषध म्हणजे ‘सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर’ हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की चिठ्ठीवर साप्ताहिक लिहिलेलं असूनही माणूस ती रोज घेतो. मग तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात, आणि यात माणसं दगावतातही. रॅकमधून बरोबर गोळी काढणारा पोरगा इथे बरोबरच गोळी देतो! चूक गोळीत नसतेच. ‘डॉक्टरांनी कुठला वार सांगितलाय?’ हा एक प्रश्न विचारायचा, तो वार पाकिटावर ठळक लिहायचा आणि एकदम दोन-तीन पानं द्यायची नाहीत. अर्ध्या मिनिटाचं काम. पण ते सुचायला औषध शरीरात काय करतं हे माहीत असावं लागतं.

दुसरं उदाहरण दम्याच्या कॅप्सूलचं. यंत्रात घालून ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे पेशंट प्रत्येक जुन्या फार्मासिस्टने पाहिलेत. मी मुलांना रिकामं यंत्र देऊन एकमेकांना समजवायला लावते. सुरुवातीला हसतात, मग लक्षात येतं की स्वतःलाच नीट येत नाहीये. आधी श्वास पूर्ण बाहेर, मग तोंडाने जोरात आणि खोल आत, मग जमेल तेवढा रोखून धरायचा, कॅप्सूल उघडून भुकटी उरली का बघायचं, औषधात स्टिरॉइड असेल तर शेवटी चूळ भरून टाकायची. ‘समजलं का?’ असं विचारलं तर आपल्याकडे शंभरातले शंभर ‘हो’ म्हणतात, त्या ‘हो’ला काडीची किंमत नाही. ‘कसं घेता ते करून दाखवा’ म्हटलं की खरं काय ते बाहेर येतं.

अमेरिकेत तिथल्या मूलनिवासींसाठी सरकारी आरोग्यसेवा आहे, तिथल्या फार्मासिस्टांनी यासाठी तीन प्रश्नांची पद्धत रुजवली: औषध कशासाठी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, कसं घ्यायला सांगितलं, आणि काय होईल असं सांगितलं. तिन्ही प्रश्न पेशंटला बोलतं करणारे आहेत. आपण भाषण द्यायचं नाही, त्याच्या उत्तरात जे निसटलंय तेवढं भरायचं. मराठीत तर ते फारच सहज होतं: ‘काय म्हणाले डॉक्टर, कशासाठी आहे ही?’

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं आहे तर दुकानात दिसत का नाही. कायदा जुना आहे. 1948 च्या फार्मसी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. 2014 पासून शेड्यूल एच वनच्या औषधांची, म्हणजे टीबीची औषधं आणि बरीचशी वरची अँटिबायोटिक्स यांची, पेशंट आणि डॉक्टरच्या नावासकट वेगळी नोंद करून ती तीन वर्षं जपायची. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशनमध्ये पेशंटला समुपदेशन करणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. आणि महाराष्ट्राने याची अंमलबजावणी पाहिलेलीही आहे. 2012 च्या सुमारास महेश झगडे राज्याच्या एफडीएचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे, आयुक्त होते तेव्हा फार्मासिस्ट हजर नाही, बिल नाही म्हणून धडाधड कारवाया झाल्या, केमिस्ट लोकांनी बंद पुकारले. पण बऱ्याच ठिकाणी भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर दुसराच, हे अजून चालतं. लपवण्यात अर्थ नाही.

अर्थात दुकानदाराची बाजूही आहे. त्याला पैसे मिळतात ते गोळीवरच्या मार्जिनचे. समजावून सांगण्याचे, ‘हे घेऊ नका’ म्हणण्याचे शून्य. संध्याकाळी सातला काउंटरवर आठ जण उभे असतात, त्यातले चौघे रिकामं पान पुढे करून ‘हेच द्या’ म्हणतात, आणि तुम्ही चौकशी सुरू केलीत की पाचवा शेजारच्या मेडिकलमध्ये जातो. परदेशात कितीतरी ठिकाणी औषधांचा आढावा घेण्याचे फार्मासिस्टला वेगळे पैसे मिळतात. आपल्याकडे तो हिशेब सुरूच झालेला नाही, आणि तो होईपर्यंत नुसत्या कायद्याने फार काही हलेल असं मला वाटत नाही.

शिक्षणाचा दोषही मोठा आहे. आपल्याकडे फार्मसीची पदवी 1930 च्या दशकात काशी हिंदू विद्यापीठात प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ यांनी सुरू केली. देशाला तेव्हा औषधं बनवणारी माणसं हवी होती, त्यामुळे पदवीचा कल केमिस्ट्री आणि कारखान्याकडे राहिला. तो आजही बराचसा तसाच आहे. दुकान आणि दवाखाना डिप्लोमावाल्यांच्या वाट्याला आले. त्या डिप्लोमाचा 1991 चा अभ्यासक्रम थेट 2020 मध्ये बदलला. जवळपास तीन दशकं! या काळात डायबेटिस, बीपी घराघरांत शिरलं आणि आमची मुलं प्रॅक्टिकलला मिक्श्चरं आणि मलमं घोटत बसली होती. नव्या अभ्यासक्रमात सोशल फार्मसी, कम्युनिटी फार्मसी, फार्माकोथेरप्युटिक्स (कुठल्या आजारात कुठलं औषध कसं वापरायचं) असे विषय आले आहेत, आणि 500 तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे. कागदावर छान आहे. मात्र प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट ओळखीच्या मेडिकलमधून सही-शिक्क्यासह आणायचा धंदा जुन्या काळापासून चालत आलाय, तो काही अभ्यासक्रम बदलल्याने बंद पडत नाही.

फार्मासिस्टला नीट शिकवून पेशंटसमोर बसवलं तर काय होऊ शकतं याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण लॉस एंजेलिसचं आहे, आणि तेही सलूनमधलं. तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये बीपीचं प्रमाण जास्त आणि डॉक्टरकडे जाणं कमी. डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांच्या चमूने 52 सलूनमधली 319 गिऱ्हाइकं घेतली. काही सलूनमध्ये न्हाव्याने नुसता सल्ला द्यायचा की डॉक्टरला भेटा, खाणंपिणं सांभाळा. बाकीच्यांत फार्मासिस्ट सलूनमध्येच येऊन बीपी मोजायचा आणि डॉक्टरांशी झालेल्या कराराप्रमाणे औषध सुरू करायचा, वाढवायचा. सहा महिन्यांनी सल्लावाल्यांचं वरचं बीपी सरासरी 9 ने उतरलं होतं, फार्मासिस्टवाल्यांचं 27 ने. हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. हे जसंच्या तसं आपल्याकडे करता येणार नाही, कारण इथे फार्मासिस्टला औषध लिहून देण्याचा किंवा डोस बदलण्याचा अधिकार नाही, आणि आजची शिक्षणाची अवस्था बघता तो लगेच द्यावा असं मीही म्हणणार नाही. पण बीपी मोजणं, गोळ्या मध्येच बंद केल्यात का ते विचारणं, कोरडा खोकला सुरू झाला तर तो त्याच गोळीमुळे असू शकतो म्हणून डॉक्टरकडे पाठवणं, याला इथे कुणाची बंदी नाही.

आता तुमचं. स्वतःचं दुकान किंवा जिल्हा परिषदेची, सरकारी दवाखान्याची फार्मासिस्टची भरती डोळ्यासमोर असेल तर डी.फार्म. पुरतं, आणि पुढे वाटलं तर बी.फार्म.च्या, म्हणजे फार्मसीच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. कंपनी, क्वालिटी, संशोधन यात जायचं असेल तर सीईटी देऊन सरळ बी.फार्म. घ्या. हॉस्पिटलमध्ये वॉर्डात काम करण्याची ओढ असेल तर फार्म.डी.; हा सहा वर्षांचा कोर्स आपल्याकडे 2008 मध्ये आला. शिक्षण खरोखर चांगलं, पण पास झालेल्यांच्या मानाने हॉस्पिटलांत जागा फार थोड्या, हे आधीच माहीत असू द्या. नावाआधी डॉक्टर लागेल एवढ्यासाठी जाऊ नका. डिप्लोमानंतरच्या एक्झिट परीक्षेचे नियम 2022 मध्ये आले आहेत: तीन पेपर, प्रत्येकात 50 टक्के. प्रवेश घेताना तिची सध्याची स्थिती राज्य फार्मसी परिषदेकडे विचारून घ्या.

कॉलेज निवडताना फार डोळस राहा. नव्या कॉलेजांवर फार्मसी काउन्सिलने घातलेली स्थगिती 2022 मध्ये सुप्रीम कोर्टात टिकली नाही, आणि त्यानंतर आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात कॉलेजं उगवलीत. इमारत बघू नका. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना गेटबाहेर गाठा आणि विचारा: शिक्षक रोज येतात का, कुठल्या दवाखान्याशी टाय-अप आहे आणि तिथे खरंच नेतात का, आणि खऱ्या चिठ्ठ्या वाचायला बसवतात का. तिसऱ्या प्रश्नावर ती एकमेकांकडे बघायला लागली तर दुसरं कॉलेज शोधा.

आणि घरच्यांच्या ‘लायसन्स लावून दे’ या बेताबद्दल. दर महिन्याला घरबसल्या मिळणारी रक्कम मोहाची वाटते खरी, पण त्या दुकानातून जे काही जाईल ते कागदोपत्री तुमच्या नावावर जाईल. इन्स्पेक्शन झालं की मालक म्हणतो, फार्मासिस्ट आत्ताच जेवायला गेलेत, आणि फोन तुम्हाला येतो. गैरवर्तनासाठी फार्मासिस्टांच्या रजिस्टरमधून नाव काढून टाकण्याची तरतूद त्याच 1948 च्या कायद्यात कलम 36 मध्ये आहे. नाव निघालं तर स्वतःचं मेडिकल टाकायचा रस्ताही गेला. हे घरच्यांना एकदा वाचून दाखवा.